पेशीतली रस्सीखेच

पेशीविभाजनाच्या त्या चार आकृत्या आठवतात का? पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. दहावीला पाठ केल्या, मार्क मिळवले आणि पुढे बायोलॉजी सोडून मॅथ्सवर भर दिला तसे विसरूनही गेलो. त्यातली दुसरी आकृती जरा डोळ्यांपुढे आणा. सगळी गुणसूत्रं पेशीच्या मधोमध एका ओळीत, प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारखी. ती तिथे आणतं कोण? मध्य कुठे आहे हे त्यांना कळतं कसं? हा प्रश्न खरं तर मेकॅनिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांचा आहे. म्हणून हा लेख.

आधी रूळ बघू. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा एकावर एक रचून पेशी पोकळ नळ्या बनवते. त्यांचं नाव मायक्रोट्यूब्यूल, जाडी सुमारे २५ नॅनोमीटर. विभाजनाच्या वेळी पेशीच्या दोन ध्रुवांकडून असे रूळ निघतात. शाळेत आपण त्यांना तर्कुतंतू म्हणायचो. प्रत्येक रुळाला दिशा असते, आपल्या सेंट्रल लाईनला अप आणि डाउन असते तशी. ध्रुव म्हणजे सीएसएमटी असं धरा. डायनीन नावाचं मोटर प्रथिन अप जातं, ध्रुवाकडे. कायनेसिन घराण्यातली बहुतेक प्रथिनं डाउन जातात, ध्रुवापासून दूर. इंधन म्हणजे एटीपी. १९८५ साली सापडलेलं पहिलं कायनेसिन अक्षरशः दोन पायांवर चालतं. एका एटीपीत एक पाऊल, एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि सेकंदाला अशी शंभराच्या आसपास पावलं!

आता खरी गंमत. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं. विभाजनाआधी प्रत्येकाच्या दोन जुळ्या प्रती तयार होतात आणि कमरेपाशी चिकटून राहतात. तिथे दोन बाजूंना दोन हूक असतात, त्यांना कायनेटोकोर म्हणतात. एक हूक एका ध्रुवाच्या रुळाला आणि दुसरा दुसऱ्या ध्रुवाच्या रुळाला लागला, तरच पुढची वाटणी बरोबर होते. पण सुरुवातीला गर्दीच्या वेळी कल्याणला व्हावा तसा गोंधळ असतो. काही गुणसूत्रांना डायनीन ओढून ध्रुवापाशी नेतं. ती तिथेच अडकली तर पंचाईत. तेव्हा सीईएनपी-ई हे कायनेसिन त्यांना मध्याच्या वाटेला लावतं. ते थेट ओझं वाहून नेतं की फक्त सुरुवात करून देतं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. शिवाय गुणसूत्रांच्या हातांवर बसलेली आणखी काही कायनेसिन त्यांना ध्रुवापासून दूर ढकलतात, आणि रूळही स्वतःच्या टोकाला लांबत-आखडत राहतात.

म्हणजे मधली ओळ ही शांत उभी असलेली ओळ नव्हेच. गॅदरिंगच्या रस्सीखेचीत दोन्ही संघ तोलामोलाचे असले की मधला रुमाल थोडा इकडे, थोडा तिकडे हलत राहतो, तसं प्रत्येक गुणसूत्र हलत असतं. हे हलणं आटोक्यात कोण ठेवतं? केआयएफ१८ए. हे कायनेसिन रुळाच्या टोकापर्यंत चालत जातं आणि तिथे रुळाच्या वाढीला लगाम घालतं. रूळ जितका लांब, तितकी ही प्रथिनं टोकाला जास्त जमतात आणि लगाम तितका घट्ट. चूक जेवढी मोठी, दुरुस्ती तेवढी मोठी. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण हेच तर लिहून येतो!

आणि एक तरी हूक मोकळा राहिला, तर पेशी थांबते. ४५ गुणसूत्रं तयार असली तरी एकासाठी सगळा खोळंबा. हा खोळंबा फार मोलाचा आहे, कारण वाटणी चुकली तर एका पेशीत गुणसूत्र जास्त आणि दुसऱ्या पेशीत कमी जातं. कर्करोगाच्या पुष्कळ पेशींत असाच चुकीचा हिशोब सापडतो.

हे बळ मोजणारे लोक आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. रूप मल्लिक हे मूळचे भौतिकशास्त्राचे. लेसरच्या चिमट्याने डायनीनला मागे ओढून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं, की ओझं नसताना ते २४ ते ३२ नॅनोमीटरची मोठी पावलं टाकतं आणि ओझं वाढलं की ८ वर येतं. घाटात गाडीचा गिअर बदलावा तसं! पुढे कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये त्यांनी डायनीनच्या टोळ्या एकत्र जोर कसा लावतात यावर काम केलं, २०१८ चं इन्फोसिस पारितोषिक मिळवलं आणि नंतर आयआयटी मुंबईत आले. म्हणजे ठाण्याहून चौथं स्टेशन, कांजूरमार्ग.

आता डोंबिवलीच्या बाल्कन्यांकडे वळू. तिथे हमखास दिसणारी सदाफुली आहे ना, तिच्यात व्हिन्क्रिस्टीन नावाचं द्रव्य असतं. १९६३ पासून ते औषध म्हणून वापरात आहे, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तर विशेष. (पानं चावून उपयोग नाही, झाड विषारी आहे!) ते ट्यूब्युलिनला चिकटतं, रूळ बनू देत नाही, ओळ लागत नाही आणि पेशी अडकून मरते. पण रूळ फक्त विभाजनालाच लागतात असं थोडंच आहे? कण्यापासून पायापर्यंत जाणाऱ्या, जवळजवळ मीटरभर लांब चेतातंतूंमध्येही मालवाहतूक याच रुळांवरून चालते. म्हणून हे औषध घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, शर्टाचं बटण लावणं जड जातं. शत्रूची गाडी अडवायला आपण अख्खी लाईनच उखडतो, तेव्हा दुसरं काय होणार?

म्हणून आता रूळ सोडून नेमकी मोटर बंद करता येईल का, हे पाहणं चालू आहे. ध्रुवांना एकमेकांपासून दूर ढकलणाऱ्या ईजी५ या मोटरवरची औषधं माणसांवर तपासली गेली, पण अपेक्षेएवढं यश आलं नाही. सध्या केआयएफ१८ए बंद करणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. निरोगी पेशी त्याच्याशिवाय बऱ्यापैकी निभावतात, पण ज्या कर्करोगपेशींचा गुणसूत्रांचा हिशोब आधीच बिघडलेला आहे त्यातल्या अनेकांना ते जमत नाही, ही त्यामागची आशा.

तर सेमिनारला विषय मिळत नाही म्हणून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारणाऱ्यांनो, बळ, घर्षण, फीडबॅक, लेसर आणि सिम्युलेशन हे सगळं या एका विषयात आहे. आणि कुणाच्या तरी हातातल्या मुंग्या कमी करण्याचं कामही त्यातच आहे.