बालकाच्या मनाने प्रार्थना

शास्त्रपाठ : मार्क १०:१३-१६, लूक ११:५-१३, मार्क १४:३२-३६



गेल्या दिवाळीनंतर कन्नड तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवर संध्याकाळची प्रार्थना होती. कोणाला प्रार्थना करायची आहे, असे विचारताच एका विश्वासी कुटुंबातील सात-आठ वर्षांची मुलगी चटकन उभी राहिली. "देवबापा, माझ्या आईला ऊस तोडायला जाऊ देऊ नको. आणि आमच्या शेळीचा पाय बरा कर. आमेन."

मोठी माणसे हसली. मला मात्र अवघडल्यासारखे झाले. मुकादमाची उचल घेऊन झाली होती, खर्चही झाली होती. आई जाणार हे मला दिसत होते. म्हणून मी घाईने "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" असे म्हणून प्रार्थना आटोपली. घरी परतताना मन विचारू लागले : ते शब्द विश्वासाचे होते, की उत्तर मिळणार नाही या भीतीचे?

१. येशू कोणावर रागावला?

बालकांना अडवणाऱ्या शिष्यांवर. त्यांचा हेतू वाईट नसावा. गुरुजींना त्रास नको, एवढेच त्यांना वाटले असेल. आपणही असेच करतो. "एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला काय सांगायचे?" असे म्हणून आपल्यातल्या बालकाला दारातच थांबवतो. बालकासारखे होणे म्हणजे पोरकटपणा नव्हे. समजुतीने प्रौढ व्हा, असे पौलही सांगतो (१ करिंथ १४:२०). बालकाजवळ दाखवायला पुण्याई नसते. त्याचे हात रिकामे असतात आणि ते पुढे करायला त्याला लाज वाटत नाही.

२. न लाजता मागणे

मध्यरात्री मित्राचे दार ठोठावणाऱ्या माणसाची गोष्ट लूक ११ मध्ये आहे. त्याच्या आग्रहासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'निलाजरेपणा' असा होतो. लगेच पुढे येशू बापाजवळ मासा आणि अंडे मागणाऱ्या मुलाचे उदाहरण देतो. मागणे रोजच्या जेवणाचे आहे आणि ते घरातल्या माणसाकडे आहे.

३. माउलीजवळ

हे नाते आपल्या मराठी मंडळीला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या भाषेत दिले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ख्रिस्ताला 'माउली' म्हटले. वारकऱ्यांच्या तोंडचा हा शब्द त्यांनी प्रार्थनेत आणला, कारण आईजवळ लेकराला शब्द जुळवावे लागत नाहीत. 'उपासना संगीत'मधील त्यांची गीते आपण आजही गातो. पण गीत संपल्यावर प्रार्थनेला उभे राहिलो, की आपली भाषा अर्ज लिहिल्यासारखी का होते?

४. उत्तर 'नाही' आले तर?

आठवड्याने ट्रॅक्टर आला आणि त्या मुलीची आई टोळीबरोबर गेली. पुढच्या भेटीत मी मनातून घाबरलो होतो. आता ही काय म्हणेल? पण तीच पहिली उभी राहिली. "देवबापा, आईला थंडी वाजू देऊ नको. तिला लवकर आण." ती रडत होती, पण बोलायची थांबली नव्हती.

गेथशेमाने बागेत प्रभूने 'अब्बा' म्हणून हाक मारली. हा घरात बापासाठी वापरला जाणारा अरामी शब्द. प्याला दूर कर, असे त्याने आधी मोकळेपणाने मागितले आणि मगच स्वतःला बापाच्या इच्छेवर सोपवले. मी पहिली पायरी गाळून दुसरीवर चढलो होतो. प्याला दूर झाला नाही, तरी त्याने बापाला हाक मारणे सोडले नाही. बालकाचा उत्साह उत्तरावर टिकत नाही. आपण कोणाशी बोलतो, यावर टिकतो.

मननासाठी

१. देवाजवळ मागायची लाज वाटते, अशी कोणती गोष्ट माझ्या मनात आहे?
२. निराश होऊन कोणती प्रार्थना मी सोडून दिली? ती या आठवड्यात पुन्हा करीन का?

प्रार्थनेचे विषय

ऊसतोडीला गेलेली कुटुंबे, थंडीत कोपीत झोपणारी लेकरे, आजी-आजोबांजवळ राहिलेली मुले आणि त्यांचे शिक्षण.

प्रार्थना : हे देवबापा, आम्ही सावधपणे बोलायला शिकलो आणि मागायला विसरलो. आम्हाला पुन्हा तुझी लेकरे कर. आमेन.