धोक्याचा भोंगा : खर्च आणि लाभ यांचा ताळेबंद



दुकान बंद करून कुलूप ओढून पाहावयाचे, चार पावले गेल्यावर पुन्हा मागे येऊन पाहावयाचे, ही सवय आपणा व्यापाऱ्यांच्या अंगी पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे. अलीकडे या सवयीस एका नव्या प्रश्नाची जोड मिळाली आहे. घरास अथवा पेढीस विजेवर चालणारा धोक्याचा भोंगा बसवावा की नाही, आणि बसविल्यास त्यावर केलेला खर्च सार्थकी लागतो काय, असे अनेक सभासद विचारतात. विक्रेत्याच्या बोलण्यावरून या प्रश्नाचे उत्तर ठरवू नये, आणि शेजाऱ्याकडे चोरी झाली या भीतीपोटीही ठरवू नये. आपण मालाची खरेदी ज्या रीतीने ठरवितो, त्याच रीतीने, म्हणजे जमाखर्च मांडून, ते ठरवावयाचे आहे. प्रस्तुत लेखात ती रीत दाखविण्याचा अल्प प्रयत्न केला आहे.

भोंगा म्हणजे काय ?

ही कल्पना नवी नव्हे. विजेच्या साहाय्याने चोराची वर्दी देणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली घेतले आणि १८५७ साली एडविन होम्स यांनी त्याचे हक्क विकत घेऊन त्याचा व्यवसाय उभा केला. आपल्या देशात अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपे बनविण्यास आरंभ केला. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कुलूप आधी, भोंगा नंतर.

आजच्या यंत्राचे चार भाग असतात. पहिला भाग दाराखिडकीवरील चुंबकाची जोडी. दार उघडताच चुंबक दूर होतो व वर्दी जाते. दुसरा खोलीतील उष्णतादर्शक. मनुष्याच्या अंगची ऊब हलताना त्यास कळते. तिसरा मुख्य पेटी व तिच्यातील बॅटरी. वीज गेली तरी यंत्र चालू राहावे म्हणून ती असते. चौथा स्वतः भोंगा, व त्यासोबत मोबाइलचे सिमकार्ड, ज्यावरून मालकास दूरध्वनी जातो. बॅटरी साधारण तीन वर्षांत निकामी होते. सिमकार्डाचे पैसे भरावयाचे राहिले तर ते बंद पडते, आणि तसे झाल्याचे यंत्र मालकास बहुधा सांगत नाही.

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. भोंगा चोरास अडवीत नाही. तो केवळ ओरडतो. अडविण्याचे काम दार, अडसर, गज आणि तिजोरी यांचे. ओरडणे ऐकून कोणी धावत येणार असेल तरच त्या ओरडण्यास किंमत. तसेच कॅमेरा हा साक्षीदार आहे, पहारेकरी नव्हे.

इतरत्र काय आढळले ?

परदेशातील अभ्यासांतून दोन निरनिराळी उत्तरे निघाली आहेत. अमेरिकेत तीन राज्यांतील तुरुंगांत असलेल्या ४२२ घरफोड्यांना प्रश्न विचारून एका विद्यापीठाने २०१२ च्या सुमारास पाहणी केली. भोंगा दिसल्यास आपण दुसरे घर पाहू, असे त्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांनी सांगितले. मात्र त्या पाहणीस भोंग्याच्या धंद्याशी संबंधित संस्थेचे द्रव्यसाह्य होते, हेही नमूद केले पाहिजे. उलटपक्षी, इंग्लंड व वेल्स येथील घरांच्या माहितीवरून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसता भोंगा असलेली घरे अधिक सुरक्षित असल्याचे दिसून आले नाही. दारे व खिडक्यांची पक्की कुलपे आणि आतबाहेरचे दिवे यांचा संयोग सर्वांत उपयुक्त ठरला.

दुसरी अडचण खोट्या वर्दीची. अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या भोंग्याच्या वर्द्यांपैकी शेकडा ९० हून अधिक खोट्या निघत. म्हणून सॉल्ट लेक सिटी या नगराने २००० साली असा नियम केला, की कोणी प्रत्यक्ष पाहून खात्री केल्यावाचून अशा वर्दीवर पोलीस पाठवावयाचे नाहीत.

घरचा अनुभव

येथे स्वतःचा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्यात माझी चूक आहे.

२०१६ साली आमच्या गल्लीत एक घर फुटले. पंधरा दिवसांच्या आत आम्ही भोंगा बसविला. पावसाळा लागला आणि माळ्यावरील उंदीर, वाऱ्याने हलणारा पडदा, अशा कारणांनी रात्री-अपरात्री तो वाजू लागला. पहिल्या वेळी सारी गल्ली धावून आली. दुसऱ्या वेळी तिघे आले. चौथ्या वेळी शेजारचे काका खिडकीतूनच म्हणाले, "बाळासाहेब, आता खरा चोर आला तर तुम्हीच येऊन सांगा." आईला त्या आवाजाने धडकी भरे; ती निजण्यापूर्वी बटण बंद करू लागली.

२०१८ च्या दिवाळीनंतर आम्ही सर्वजण सांगलीस लग्नासाठी गेलो. सायंकाळी दिवा लावण्यासाठी किल्ली शेजारी दिली होती. त्यांच्या येण्याजाण्याने तो वाजू नये म्हणून भोंगा बंदच ठेविला. परतलो तेव्हा कपाटातील चार बांगड्या व एक साखळी नाहीशी झाली होती. कडी तुटलेली नाही, कोयंडा वाकलेला नाही. परसदाराची आतील कडी लावण्याचे आम्हीच विसरलो होतो. विमा होता, परंतु बळजबरीने प्रवेश झाल्याची खूण नाही, या कारणास्तव मागणी नामंजूर झाली.

आणि मग घरात जे बोलणे निघू नये तेच निघाले. आमच्याकडे ११ वर्षे धुणीभांडी करणाऱ्या मावशींवर संशय गेला. कोणी उघड आरोप केला नाही. पण कपाटाच्या खोलीचे दार त्यांच्यासमोर बंद होऊ लागले. आठवड्याभरात त्या म्हणाल्या, "वहिनी, उद्यापासून मी येणार नाही." आठ महिन्यांनी दुसऱ्याच एका गुन्ह्यात पकडलेल्या इसमाकडे आमची साखळी सापडली. मी व माझी पत्नी मावशींच्या घरी क्षमा मागण्यास गेलो. त्यांनी चहा दिला, आमचे बोलणे ऐकून घेतले, पण कामावर परत येण्यास नकार दिला. बांगड्यांची किंमत वहीत मांडता आली. ही हानी कोणत्या खात्यावर मांडावी, ते मला आजतागायत समजलेले नाही.

ताळेबंद कसा मांडावा ?

आता हिशेबाकडे वळू. पुढील सर्व आकडे रीत समजावी म्हणून केवळ धरून चाललेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

यंत्राची किंमत ३०,००० रुपये व आयुष्य ६ वर्षे धरू. वार्षिक घसारा ५,००० रुपये. देखभाल, बॅटरी व सिमकार्ड मिळून ३,००० रुपये. गुंतलेल्या रकमेवरील व्याज सरासरीने १,२०० रुपये. एकूण वार्षिक खर्च ९,२०० रुपये. विक्रेता ३०,००० हा एकच आकडा सांगतो; आपण ९,२०० हा आकडा ध्यानी ठेवावयाचा.

आता लाभ पाहू. घरात १२ लाखांचे दागिने आहेत व आपल्या वस्तीत वर्षाकाठी २०० घरांमागे एक घर फुटते असे धरू. म्हणजे सरासरी वार्षिक जोखीम ६,००० रुपये. भोंग्याने ती निम्मी होते असे उदारपणे मानले तरी बचत ३,००० रुपयांची. ९,२०० खर्चून ३,००० वाचविणे हा व्यापार नव्हे.

त्याऐवजी ९ लाखांचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले व भाडे ३,००० रुपये पडले, तर ४,५०० रुपयांची जोखीम घरातून निघून जाते. हा सौदा फायद्याचा आहे. शिवाय तसे केल्यावर घरातील जोखीम १,५०० रुपयांवर येते, आणि भोंग्याचा लाभ अवघा ७५० रुपये उरतो. म्हणून कोणता उपाय आधी करावा, हा क्रम महत्त्वाचा.

लॉकरसंबंधीही एक सूचना. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली काढलेले व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेले नियम असे आहेत, की चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणे अथवा बँकेच्या नोकराची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींइतकी राहते. भाडे ३,००० असेल तर ती ३ लाखांपुरती. उरलेल्या मालाचा विचार आपणच करावयाचा.

याउलट पेढीचे उदाहरण घ्या. ४० लाखांचा चांदीचा माल दुकानात राहतो, वर माडीवर कुटुंब राहते, व १०० दुकानांमागे एक फुटते असे धरू. जोखीम ४०,००० रुपये. निम्मी टळली तर बचत २०,०००. येथे यंत्राचा खर्च दुप्पट, म्हणजे १८,४०० रुपये झाला तरी तो परवडतो, कारण माल जड आहे आणि भोंगा ऐकून उठणारी माणसे वरच्या मजल्यावर आहेत.

विम्याची बाजू

सरासरीचा हिशेब पुरेसा नसतो. जी हानी कुटुंबास अथवा पेढीस एका रात्रीत बसवून टाकील, तिच्यासाठी विमाच हवा. परंतु तो वाचून घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली घरफोडी-विम्याच्या एका वादात असा निर्णय दिला, की पॉलिसीत बळाचा वापर करून झालेल्या प्रवेशाची अट असेल तर तशा प्रवेशावाचून झालेली चोरी तिच्यात येत नाही. बनावट किल्लीने, अथवा उघड्या राहिलेल्या दाराने झालेली चोरी वेगळ्या शब्दांनी समाविष्ट आहे काय, हे आधी विचारावे. मालाची किंमत कमी दाखविल्यास भरपाईही त्या प्रमाणात कापली जाऊ शकते. आणि प्रस्तावपत्रात "भोंगा आहे" असे लिहून दिले असेल व चोरीच्या रात्री तो बंद आढळला, तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. भोंग्याबद्दल हप्त्यात सूट मिळणार असल्यास ती व तिच्या अटी लेखी घ्याव्यात.

खर्चाचा योग्य क्रम

१. परसदार, न्हाणीघराची खिडकी व गच्चीचे दार यांच्या कड्या, अडसर व गज प्रथम पक्के करावेत. कौलारू घरात माळ्याकडून उतरण्याची वाट बंद करावी.

२. रोज न लागणारे दागिने लॉकरमध्ये ठेवावेत. प्रत्येकाचे छायाचित्र, वजन व पावती यांची एक प्रत घराबाहेर असावी.

३. यात्रेस, लग्नास अथवा खरेदीस परगावी जाताना शेजारी व पोलीस ठाणे यांस कळवावे. दिवा सायंकाळी लागेल अशी व्यवस्था करावी.

४. विमा घ्यावा व दरवर्षी मालाची किंमत नव्याने मांडावी.

५. एवढे झाल्यावर भोंग्याचा विचार करावा. जड माल असलेली पेढी, एकाकी बंगला, वारंवार बंद राहणारे घर, अथवा एकटी राहणारी वृद्ध माणसे असलेले घर, यांस तो उपयोगी आहे. वृद्धांच्या बाबतीत रुपयांचा हिशेब मांडू नये. तेथे उशाशी दाबावयाचे एक बटण व ते ऐकून येणारा शेजारी यांचे मोल निराळे आहे.

खरेदीपूर्वी विक्रेत्यास पाच प्रश्न विचारावेत : वीज गेल्यावर यंत्र किती तास चालेल? वर्दी कोणाकोणास जाईल? बॅटरी कोण व केव्हा बदलील? उंदीर, मांजर, पडदा यांनी ते वाजू नये म्हणून काय केले आहे? दुरुस्तीचा मनुष्य किती वेळात येईल? उत्तरे कोटेशनवर लिहून घ्यावीत. बसविल्यावर महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेस, शेजाऱ्यांस सांगून ते वाजवून पाहावे.

दुर्दैवाने चोरी झालीच, तर कशासही हात न लावता ११२ या क्रमांकावर कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळण्याचा आपणास हक्क आहे. ती घ्यावी व विमा कंपनीस तत्काळ लेखी खबर द्यावी.

आणि एक शेवटचे. तपास पोलिसांनी करावयाचा असतो. घरच्या माणसांनी तो संशयाने करू नये. आमच्या घरी आज भोंगा आहे. तो आता परसदारावर आहे, खोलीत नाही, व दर महिन्याच्या एक तारखेस वाजवून पाहिला जातो. पण रात्री निजण्यापूर्वी परसदाराची कडी मी स्वतः हाताने ओढून पाहतो. त्या कडीस एक पैसाही पडत नाही.