नदी तपासायचा खर्च कोणी करायचा?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, जलप्रदूषणाचा पाठ घेताना जपानच्या जिंझू नदीची गोष्ट मुलांना जरूर सांगा. कामिओका खाणीतलं कॅडमियम नदीत आलं, पाटाच्या पाण्याने भातशेतीत उतरलं आणि भातातून माणसांच्या पोटात गेलं. मूत्रपिंडं बिघडली, हाडं ठिसूळ झाली. आजाराचं नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’! १९७२ साली गावकरी कोर्टात जिंकले. पण नुसत्या भरपाईवर थांबले नाहीत. त्यांनी खाण कंपनीकडून लेखी करार घेतला: आम्ही तज्ज्ञांना घेऊन खाण तपासणार, खर्च कंपनीने करायचा. कारण धातू कुजत नाही, गाळात साचून राहतो. एकदा पाणी तपासून भागत नाही, वर्षानुवर्षं तपासावं लागतं. मग मुलांना विचारा, आपली नदी कोण तपासतं? आणि त्याचे पैसे कोण देतं?