चालू क्रिया : इंग्रजी ‘इंग’ रूपे आणि मुलांची बोली

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. मुरुड व आसपासच्या खेड्यांतील मूल घरी ज्या भाषेत बोलते, तिच्याशी या विषयाचा काही संबंध आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटत नाही. प्रस्तुत पाठात हा संबंध एका लहानशा व्याकरणविषयापुरता दाखवावयाचा आहे. तो विषय म्हणजे क्रियापदाला ‘आय-एन-जी’ ही तीन अक्षरे जोडून होणारे रूप.

१. अडचण कोठे आहे?

‘आय गो’ आणि ‘आय ॲम गोइंग’ यांतील भेद मुलांच्या ध्यानी राहत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. याचे एक कारण आपल्या प्रमाण मराठीतच आहे. ‘मी जातो’ हे वाक्य रोजच्या सवयीसाठी चालते आणि घरातून निघताना निरोपादाखलही चालते. ‘काय करतोस?’ या प्रश्नाचा अर्थ ‘उद्योग कोणता?’ असा होतो, तसाच ‘आत्ता काय चालले आहे?’ असाही होतो. म्हणून ‘जातो’ या शब्दावरून शिकविलेले मूल गोंधळात पडते.

परंतु आपल्या भागातील बोलीत हा गोंधळ नाही. ‘पोरगं शाळेत जातंय’ असे न म्हणता येथील माय ‘पोरगं शाळेत जायलंय’ असे म्हणते. ‘पाऊस पडायलाय’, ‘लेकरू रडायलंय’, ‘काय करायलास?’ ही रूपे केवळ चालू क्रियेसाठीच राखून ठेवलेली आहेत. ‘बाबा शेतात जातो’ ही रोजची रीत झाली. ‘बाबा शेतात जायलाय’ ही या घटकेची गोष्ट झाली. इंग्रजीला जो भेद हवा आहे, तो आपले मूल शाळेत येण्यापूर्वीच शिकलेले असते.

रशियन भाषेत ‘वाचतो’ व ‘वाचत आहे’ या दोहोंसाठी वर्तमानकाळाचे एकच रूप असते आणि ‘आहे’ हा शब्दही सामान्यतः वगळला जातो. तेथील विद्यार्थ्यास या दोन्ही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. आपल्या मुलाला त्या फक्त आठवून द्यावयाच्या आहेत.

२. ‘इज’ का गळतो?

‘मदर मेकिंग भाकरी’ असे वाक्य मुले लिहितात. त्याबद्दल रागावण्यापूर्वी ‘करायलीय’ हा शब्द फळ्यावर फोडून दाखवावा : करायली + हाय. शेवटच्या ‘य’मध्ये ‘आहे’ दडलेला आहे. मराठीत तो जोडून येतो, इंग्रजीत सुटा उभा राहतो, एवढे कळले की ‘इज’ आपल्या जागी येऊ लागतो.

३. पाठांसाठी उतारे

पुढील उतारे येथे देवनागरीत दिले आहेत. फळ्यावर ते रोमन लिपीत लिहावेत.

पहिला उतारा : इट इज मॉर्निंग. मदर इज मेकिंग भाकरी. फादर इज मिल्किंग द काऊ. द बेबी इज क्राइंग. द डॉग इज सिटिंग नियर द डोअर. आय ॲम रीडिंग.

प्रथम शिक्षकाने उतारा सावकाश वाचावा. मग प्रत्येक वाक्य मुलांनी घरच्या बोलीत सांगावे. त्यानंतर ‘इंग’ने संपणारे शब्द अधोरेखित करावेत. ‘मॉर्निंग’ या शब्दाशी मुले अडखळतील. तेथे विचारावे, ‘इंग काढले तर एखादे काम उरते काय?’ ‘मिल्किंग’मधून दूध काढण्याचे काम उरते, ‘मॉर्निंग’, ‘किंग’ यांतून कोणतेच काम उरत नाही.

दुसरा उतारा : रामा गोज टू स्कूल एव्हरी डे. टुडे इज संडे. ही इज नॉट गोइंग टू स्कूल. ही इज ग्रेझिंग द गोट्स.

येथे ‘गोज’ व ‘गोइंग’ समोरासमोर ठेवून ‘जातो’ व ‘जायलाय’ ही जोडी मुलांकडूनच काढून घ्यावी.

तिसरा उतारा : रामा लाइक्स स्विमिंग. ही इज नॉट स्विमिंग नाऊ. द वेल इज ड्राय.

पहिले ‘स्विमिंग’ म्हणजे ‘पोहणे’. ते कामाचे नाव आहे. दुसरे ‘स्विमिंग’ चालू क्रियेचे आहे आणि त्याच्यासोबत ‘इज’ आहे. वरच्या वर्गात यापुढे ‘रनिंग वॉटर’ म्हणजे ‘वाहते पाणी’ हा विशेषणाचा उपयोगही दाखविता येईल.

४. लेखनाचे नियम

‘मेक’च्या शेवटचा ‘ई’ गळतो. ‘सिट’, ‘रन’ या लहान शब्दांत एका स्वरापुढे एकच व्यंजन असल्याने ते दुप्पट होते. ‘रीड’मध्ये दोन स्वर असल्याने तसे होत नाही. ‘क्राय’चा ‘वाय’ कायम राहतो.

५. सावधगिरी

ही किल्ली सर्वच कुलपांस लागत नाही. ‘मला माहीत आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ येथे बोलीतही ‘आयला’ येत नाही. तद्वत् इंग्रजीत ‘आय नो’, ‘आय हॅव’ असेच म्हणावे. मात्र बोलीत ‘मला कळायलंय’ म्हणतात, तरी इंग्रजीत ‘आय अंडरस्टँड’ एवढेच पुरते. असे अपवाद वेगळ्या यादीत लिहून ठेवावेत.

६. समारोप

मराठवाड्यात निजामी राजवटीत शाळेची भाषा व घरची भाषा यांत मोठे अंतर होते. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे म्हणून सुरू झाले. मराठी घरातील मुलाला वर चढावयाचे तर घरची भाषा खाली ठेवावी लागे. ती स्थिती पालटून पुष्कळ वर्षे झाली. तरीही ‘जायलोय’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसले गेले, तर त्याच्यापुरती ती पुन्हा उभी राहते. ते मूल मग मराठीत बोलेनासे होते आणि इंग्रजीत बोलण्याचा तर प्रश्नच उरत नाही.

प्रमाण मराठी मुलांस आलीच पाहिजे. ‘जायलोय’पासून ‘जात आहे’ आणि तेथून ‘गोइंग’ अशा तीन पायऱ्या फळ्यावर मांडाव्यात. पण पहिली पायरी पुसू नये. मूल तिच्यावरच उभे आहे.

स्वाध्याय : मुलांनी मधल्या सुटीत शाळेच्या अंगणात चालू असलेली पाच कामे पाहावीत, ती प्रथम बोलीत, मग प्रमाण मराठीत व शेवटी इंग्रजीत वहीत लिहावीत.