न उमटलेला अंगठा

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरचा तालुका. पैनगंगेपलीकडे तेलंगण राज्य सुरू होते. येथील शेतांत कापूस पिकतो. माझा एक विद्यार्थी याच मातीत वाढला व सॉफ्टवेअरच्या विद्येत निष्णात झाला. नव्या नोकरीवर रुजू होण्यापूर्वी तो माझा निरोप घेण्यास आला. विमानतळावर प्रवाशांची ओळख चेहऱ्यावरून पटविणाऱ्या यंत्रणेचे ते काम होते.

"यंत्राला चेहरा कसा रे ओळखता येतो?" मी कुतूहलाने विचारले.

"गुरुजी, यंत्र चेहऱ्याची ठेवण मोजून तिचे आकड्यांत रूपांतर करते. प्रवाशाने आधी दिलेल्या छायाचित्राचे आकडे आणि समोरच्या चेहऱ्याचे आकडे पुरेसे जुळले, की फाटक उघडते. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळुरू व वाराणसी येथे 'डिजी यात्रा' या नावाने ही सोय सुरू झाली. पुढे ती पुणे व मुंबई येथेही आली. ती ऐच्छिक आहे."

"परंतु 'पुरेसे' म्हणजे किती?"

"खरी मेख तेथेच आहे, गुरुजी. कसोटी सैल ठेवली, तर परका आत शिरेल. कडक ठेवली, तर खरा माणूसच बाहेर राहील."

एवढे बोलून तो क्षणभर थांबला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्या आजीचे तसेच झाले. आयुष्यभर कापूस वेचून आणि निंदणी करून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. रेशन दुकानातील यंत्रावर तिचा अंगठा लागेना. तिने हात धुतला, पदराला पुसला, पुन्हा अंगठा ठेवला, पण व्यर्थ! साऱ्या गावाला ठाऊक असलेली आजी यंत्राला मात्र अनोळखी ठरली. रिकामी पिशवी घेऊन परतताना ती म्हणाली, 'माह्या रेघा कापसासंगं गेल्या रे बाबू.' ज्या बोटाला धरून मी चालायला शिकलो, तेच बोट यंत्राला ओळखता आले नाही."

मी स्तब्ध झालो. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले, ते नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या लहानशा गावी. गरिबाला आपली ओळख सिद्ध करता यावी, हाच त्यामागील एक हेतू होता. अंगठा न लागल्यास बुबुळांवरून किंवा अन्य मार्गाने ओळख पटविता येते. परंतु तो मार्ग दाखविणारे कोणी जवळ असावे लागते.

"मग तू काय करणार?" मी विचारले.

"यंत्राने 'नाही' म्हटले, तर प्रथम यंत्रातील दोष शोधीन. वृद्धांच्या, कष्टकऱ्यांच्या चेहऱ्यांवर त्याची परीक्षा घेईन. आणि फाटकाशेजारी एक माणूस असावाच, असा आग्रह धरीन."

त्याने वाकून नमस्कार केला. मुलांनो, तुमच्यापैकीही कोणी उद्या यंत्रे घडवील. त्या वेळी रिकामी पिशवी घेऊन परतलेल्या त्या आजीचे स्मरण ठेवा.

स्वाध्याय

१. यंत्र चेहरा कसा ओळखते, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. कसोटी फार सैल किंवा फार कडक ठेवल्यास काय घडेल?
३. आजीचा अंगठा यंत्रावर का उमटला नाही?
४. वाक्यात उपयोग करा : निष्णात असणे, स्तब्ध होणे, आग्रह धरणे.