दहा बाय बाराच्या खोलीतली झोप

परळच्या डबक चाळीत बाबासाहेबांच्या कुटुंबाकडे एकच खोली होती. रामजीबाबा भीमरावांना लवकर निजवत, रात्री दोनला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः पाठ टेकत.

आपल्या चिंचपोकळीच्या चाळींत आजही वेगळी बेडरूम कुणाकडे? एकाच खोलीत कुणी रात्रपाळीहून येतो, कुणाची दहावी असते. म्हणून सजावट झोपणाऱ्याच्या कोपऱ्यापुरतीच करू. जुनी गडद साडी दुहेरी करून दोरीवर टाकली की पडदा झाला. रात्री नऊनंतर पांढरी ट्यूब बंद, पिवळा मंद दिवा चालू. पांढऱ्या-निळसर उजेडाने मेंदूला दिवसच वाटतो, झोप आणणारे मेलाटोनिन कमी पाझरते. मोबाईलचेही तेच. तथागतांच्या तसबिरीवरची लुकलुकणारी माळसुद्धा निजताना बंद करावी. त्याने आदर कमी होत नाही.

डासांसाठी कॉइल नको, बंद खोलीत तो धूर छातीत जातो. मच्छरदाणी बरी. लोकलचा खडखडाट आपल्या हातात नाही, पण रुळांकडच्या भिंतीला कपाट लावले तर थोडा दबतो.

मात्र घोरताना कुणाचा श्वास मध्येच अडकत असेल, तर पडद्याने भागणार नाही. केईएममध्ये दाखवून घ्या. आणि रात्रपाळीवाला दुपारी झोपला असेल तर कुकर आधीच लावून ठेवा.