टेबल डुगडुगले कशाने?

घरच्या पडवीत मांडलेले छोटे कारखाने आता गावोगाव दिसतात. कुणाकडे भोके पाडायचे यंत्र असते. कुणाकडे धार लावायचे ग्राइंडर असते. विळे, कोयते, कुऱ्हाडी, छिन्न्या यांना घरीच धार लागते. तालुक्याची खेप वाचते.

पण यंत्र आणले म्हणजे काम झाले, असे नाही. घराला जसा पाया, तसे यंत्राला टेबल. पाया कच्चा तर घर कच्चे. आमचे पहिले टेबल कसे फसले आणि दुसरे कसे जमले, ते या धड्यात सांगतो.

आमची घाई

आम्ही दोघे भाऊ. एका दुकानात हाताखाली राहून वेल्डिंगचे काम थोडेफार शिकलो होतो. पडवीत ग्राइंडर मांडायचे ठरले. आम्ही लोखंडी अँगल आणला, तुकडे कापले आणि लगेच जोडायला बसलो. पहिला कोपरा धरला, तो पुरा जोडून टाकला. मग दुसरा. मग तिसरा. चौथा कोपरा काही जुळेना. तो हातोड्याने ठोकून ठोकून जुळवला. दिवस मावळायच्या आत टेबल उभे केले.

टेबल उभे राहिले, पण तीन पायांवर! चौथा पाय जमिनीपासून बोटभर वर. आम्ही त्याखाली फरशीचा तुकडा सरकवला. म्हटले, चालतंय की.

ग्राइंडरचे चाक मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते. ते सुरू होताच टेबल थरथरू लागले. थरथरता थरथरता फरशीचा तुकडा निसटला. टेबल कलले. हातातला विळा चाक आणि टेकणी यांच्या फटीत अडकला. खाडकन आवाज झाला. विळ्याचे पाते मोडले आणि धाकट्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळले. दोन बोटांचे अंतर होते, म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी गावातले म्हातारे लोहारकाका आले. त्यांनी टेबल चारी बाजूंनी पाहिले.

"काका, मापं तर बरोबर घेतली होती. मग हे वाकडं झालं कशानं?" आम्ही विचारले.

"पोरांनो, गाडीच्या चाकाला धाव चढवताना बघितलंय ना?"

"बघितलंय की."

"मग उत्तर तुमच्यापाशीच हाय."

लोखंड ओढते

बैलगाडीच्या चाकाची धाव चाकापेक्षा थोडी लहान ठेवतात. ती जाळात तापवतात. तापली की ती वाढते आणि चाकावर बसते. मग तिच्यावर पाणी ओततात. ती निवते, आकसते आणि सारे चाक आवळून धरते. लाकडाचे सांधे करकरतात, एवढा तिचा जोर असतो.

वेल्डिंगमध्येही हेच घडते. एक मीटर लांब लोखंड १०० अंशांनी तापले, तर ते सुमारे सव्वा मिलिमीटर वाढते. वेल्डिंगच्या जागी तर लोखंडाचे पाणी होते. त्याला सुमारे १५०० अंश उष्णता लागते. जोड निवू लागला की तो आकसतो, आणि शेजारचे लोखंड आपल्याकडे ओढतो. ज्या बाजूला जोड, त्या बाजूला ओढ.

आम्ही पहिला कोपरा पुरा जोडला. त्याने तुकडे आपल्याकडे ओढले. दुसऱ्याने ओढले, तिसऱ्याने ओढले. तिघांची चूक चौथ्या कोपऱ्यात गोळा झाली. ती आम्ही ठोकून दडपली. दडपलेली चूक पायात उतरली.

शिंपी काय करतो? आधी कच्चे टाके घालतो. कपडा अंगाला लावून बघतो. मगच पक्की शिलाई मारतो. लोखंडाचेही तसेच आहे. आधी टाका, मग माप, मग जोड. सारी विद्या या तीन शब्दांत आहे.

सामान काय लागेल?

आमचे दुसरे टेबल ६० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर उंच होते. त्याला ४० मिलिमीटर रुंदीचा, ५ मिलिमीटर जाडीचा अँगल घेतला. कापण्यात जाणारा धरून ८ मीटर अँगल लागतो. त्याचे वजन सुमारे २४ किलो भरते. टेबल जड असलेलेच बरे. जड टेबल कमी थरथरते.

वरच्या चौकटीला ६० सेंटिमीटरचे दोन आणि ४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे लागतात. त्यांची टोके तिरपी कापावीत, म्हणजे कोपऱ्यात टोकाला टोक नीट भिडते. पायांना साडेएकोणऐंशी सेंटिमीटरचे चार तुकडे लागतात. चारही पाय एकत्र बांधून त्यांची टोके कानशीने सारखी करावीत. खालच्या आडव्या पट्ट्या मात्र इतक्यात कापू नका. त्या का नाहीत, ते पुढे कळेल.

जस्ताचा पांढरा मुलामा दिलेला जुना पाइप फुकट मिळाला, तरी घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

तुकडे टेकवायला तेलाचे किंवा पेट्रोलचे रिकामे पिंपही घेऊ नका. पिंप रिकामे दिसते, पण आत वाफ असते. तिला आच लागली की पिंप फुटते. माणसे मरतात.

आधी डोळे, मग काम

पहिल्या टेबलाच्या वेळी थोरल्याने आणखी एक चूक केली. एकच तर टाका मारायचा, म्हणून तोंडासमोर काच धरली नाही. असे पाच-सहा टाके झाले. दिवसभर काही वाटले नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखे झाले. पाणी वाहू लागले. दिव्याकडे बघवेना.

वेल्डिंगच्या ठिणगीतून डोळ्यांना न दिसणारे तीव्र किरण निघतात. उन्हाने पाठ भाजते, तसा त्यांनी डोळा भाजतो. दुखणे लगेच कळत नाही, काही तासांनी कळते. म्हणून माणूस फसतो. अशा वेळी डोळ्यांत दूध घालू नका. बटाट्याच्या चकत्या ठेवू नका. डोळे चोळू नका. दवाखान्यात जा.

एका टाक्यालाही काच हवीच. या कामाला १० किंवा ११ नंबरची काळी काच लावतात. उन्हाचा चष्मा चालत नाही. हातांत कातडी मोजे, पायांत बूट आणि अंगात सुती कपडे असावेत. नायलॉनचे कपडे वितळून अंगाला चिकटतात.

बघायला पोरे जमतात. त्यांना दूर पाठवा. मध्ये पत्र्याचा आडोसा उभा करा. ओल्या जमिनीवर, ओल्या हाताने किंवा अनवाणी काम करू नका. यंत्राला अर्थिंग आहे ना, हे आधी पाहा. तुटकी वायर चिंधी गुंडाळून वापरू नका. पडवीत धूर कोंडू देऊ नका. वारा खेळता असू द्या.

वरची चौकट

आता कामाला लागू. जमिनीवर दोन सरळ लोखंडी दांडे टाका. त्यांवर चौकटीचे चार तुकडे मांडा. अँगलवरचा गंज आणि रंग तारेच्या ब्रशाने काढा. गंजावर जोड धरत नाही.

प्रत्येक कोपऱ्यात एक-एक सेंटिमीटरचे दोन टाके मारा. पुरा जोडू नका. आता टेप घ्या. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे माप घ्या. ते बाहेरच्या कडेला ७५ सेंटिमीटर आले पाहिजे. दुसरे तिरपे मापही ७५ च आले पाहिजे. गवंडी घराचा पाया आखताना तीन, चार, पाचाचा काटकोन धरतात. हे तेच आहे. ४५ म्हणजे तीन वेळा १५. ६० म्हणजे चार वेळा १५. आणि ७५ म्हणजे पाच वेळा १५.

एक माप जास्त आणि एक कमी आले, तर चौकट तिरकी आहे. जिकडे माप जास्त, तिकडचा कोपरा लाकडाच्या ठोकळ्याने हळूहळू आत ठोका. नुसते टाके असतात तोवर लोखंड ऐकते. पुरे जोडल्यावर ऐकत नाही.

चौकटीला पीळ आहे का, तेही पाहा. समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन दोऱ्या ताणून धरा. मध्यभागी दोन्ही एकमेकींना जेमतेम टेकल्या, तर चौकट सपाट आहे.

मग जोड भरा. यासाठी सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची कांडी लागते. बाजारात ती ३.१५ नंबराने मिळते. यंत्र १०० ते १२० अँपिअरवर ठेवा. कांडी कोरडी हवी. तिचे टोक लोखंडापासून कांडीच्या जाडीएवढेच दूर धरा. पहिला कोपरा झाला की त्याच्या शेजारचा घेऊ नका, समोरचा घ्या. मग उरलेले दोन. म्हणजे एकाची ओढ दुसरा सावरतो. मधून मधून तिरपे माप घेत राहा.

जोड आपोआप निवू द्या. पाणी ओतू नका. धाव आवळायची असते म्हणून तिच्यावर पाणी ओततात. आपल्याला टेबल आवळायचे नाही. निवल्यावर जोडावरची काळी खपली हातोडीने काढा. तेव्हा डोळ्यांवर साधा पांढरा चष्मा असू द्या. खपली उडते.

पाय आणि पट्ट्या

चौकट उलटी ठेवा. प्रत्येक कोपऱ्यात आतल्या बाजूने एक पाय उभा करा. दोन्ही बाजूंनी गुण्या लावा आणि दोन-दोन टाके मारा.

आता खालच्या पट्ट्या. त्यांचे माप पायांच्या मोकळ्या टोकांशी घेऊ नका. तिथे पाय थोडे फाकलेले असतात. पाय चौकटीला जिथे जोडले, तिथल्या अंतराइतक्याच पट्ट्या कापा. लांब पट्ट्या सुमारे ५८ आणि आखूड पट्ट्या सुमारे ४३ सेंटिमीटरच्या होतील. मग फाकलेले पाय आपोआप सरळ होतात. आम्ही पहिल्यांदा या पट्ट्या आधीच अंदाजाने कापल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक पाय वेगळ्या दिशेला गेला.

लांब पट्ट्या पायाच्या टोकापासून १५ सेंटिमीटरवर लावा. आखूड पट्ट्या २० सेंटिमीटरवर लावा. म्हणजे कोपऱ्यात एकीला दुसरी आडवी येत नाही. इथेही आधी टाकेच मारा.

दोष कुणाचा?

आता टेबल सुलटे उभे करा. हलवून पाहा. डुगडुगले तर लगेच पायाला दोष देऊ नका. जमीनही वाकडी असू शकते. टेबल सपाट जागी नेऊन पाहा. तिथेही डुगडुगले, तर दोष पायाचा. तिथे डुगडुगले नाही, तर दोष जमिनीचा.

दोष पायाचा असेल, तर पट्टीचा टाका कापा, सरळ करा, पुन्हा टाका मारा. टाके आहेत तोवर दुरुस्ती आहे. टेबल चारी पायांवर बसले, की मग एक जोड इकडे, एक जोड समोर, असे सारे जोड भरा.

पडवीची जमीन क्वचितच सपाट असते. म्हणून प्रत्येक पायाच्या तळाला भोक पाडलेली जाड पट्टी जोडा. भोकावर नट जोडा आणि खालून बोल्ट फिरवा. बोल्ट वर-खाली करून टेबल पाणसळीत आणता येते. मग फरशीचा तुकडा लागत नाही.

वर जाड फळी बोल्टने आवळा. तिच्यावर ग्राइंडर चार बोल्टनी पक्के बसवा. चाकाचा मध्य आपल्या कोपराच्या उंचीला यावा. चाक आणि टेकणी यांतली फट ३ मिलिमीटरहून जास्त ठेवू नका.

दुसरे टेबल आम्ही दोन दिवस बनवत होतो. काकांना बोलावले. त्यांनी फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि ग्राइंडर सुरू करायला सांगितले. पाणी थरथरले, पण सांडले नाही.

"आता धार लावा," काका म्हणाले.

मोडका विळा आम्ही टाकून दिला नाही. तो पडवीत खुंटीला टांगला आहे. घाई झाली की आम्ही तिकडे बघतो.

आता सांगा

१. धावेवर पाणी ओततात, मग टेबलाच्या जोडावर का ओतू नये?
२. ६० आणि ४५ सेंटिमीटरच्या चौकटीचे तिरपे माप किती यावे?
३. टेबल डुगडुगले, तर दोष पायाचा की जमिनीचा, हे कसे ओळखाल?
४. एकच टाका मारायचा असला, तरी काच का धरावी?
५. तुमच्या गावात वेल्डिंग चालते, तिथे पत्र्याचा आडोसा असतो का? पाहून या आणि वर्गात सांगा.